सात अधिक सहा तारे

मी घेतलेला अमेरिकेचा १८०६ चा हाफ ईगल, म्हणजे पाच डॉलरचे सोन्याचे नाणे, लिलावातून हाती येईपर्यंत काहीच अडले नाही. बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते शुल्क, बोलीवर वेगळे चढते, हे मात्र आधी हिशेबात धरावे. १८३४ च्या कायद्याने वजन घटवले जाईपर्यंत या नाण्यांतील सोने पाच डॉलरपेक्षा महाग ठरू लागले होते, त्यामुळे असंख्य नाणी वितळवली गेली आणि म्हणूनच उरलेल्यांना आज मोल आहे.

खरा त्रास प्रमाणपत्राने दिला. त्यासाठी मी नाणे तपासून त्याचा प्रकार लेबलवर नोंदवणाऱ्या संस्थेकडे ते अर्जासह पाठवले होते. १८०६ चे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात सहाच्या आकड्याच्या टोकाला गोळा असतो आणि नाण्यावरील स्वातंत्र्यदेवता लिबर्टीच्या डावीकडे सात व उजवीकडे सहा तारे असतात. दुसऱ्यात टोक निमुळते असून तारे आठ आणि पाच असतात. माझे नाणे पहिल्या प्रकारचे आहे आणि अर्जातही मी तसेच लिहिले होते. सहा आठवड्यांनी प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीतून ते परतले, तेव्हा लेबलवर निमुळता सहा, आठ आणि पाच तारे असे छापलेले होते.

संस्थेचे फोनवरील गृहस्थ म्हणाले, की लेबल तज्ज्ञांच्या निर्णयावरून छापले जाते. मी त्यांना तारे मोजून दाखवले, छायाचित्रे पाठवली. उत्तर आले, की छायाचित्रावरून निर्णय देता येत नाही, नाणे पुन्हा पाठवा. एका मित्राने गप्प बसण्याचा सल्ला दिला, कारण निमुळत्या सहाचा प्रकार तुलनेने कमी मिळतो. परंतु दोन्ही बाजूंचे तारे मोजू शकणाऱ्या कोणत्याही ग्राहकासमोर मी खोटा ठरलो असतो, आणि ते लेबल पाहिले की माझाच जीव चडफडे.

अर्जाची प्रत जवळ ठेवली होती म्हणून मी वाचलो. ती प्रत आणि पाठवण्याआधी काढलेली दोन्ही बाजूंची छायाचित्रे प्रत्येकाने जपावीत. नाणे घरीच तोलूनही पाहावे: मूळ वजन ८.७५ ग्रॅम आहे. पृष्ठभागावर समांतर कानसखुणा दिसल्या तर लगेच घाबरू नये, कारण जड पडलेल्या, ठसा उमटवण्याआधीच्या कोऱ्या चकत्या टाकसाळीतच कानसून ठराविक वजनात आणत असत.

दुसऱ्या वेळी नाणे परत यायला पाच आठवडे लागले. लेबलवर आता सात आणि सहा तारे आहेत. सोबतच्या चिठ्ठीत ‘विनामूल्य दुरुस्ती’ असे लिहिले होते. नाणे पाठवण्याचे नोंदणीकृत टपाल आणि विमा यांचा खर्च मात्र मीच भरला होता.