पटाशीचे दात

फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, यंदा माडाखाली कोवळे नारळ गळून पडू लागले. एक उचलून पाहिला, तर देठाजवळ रुपयाएवढे भोक, आतले पाणी गायब, आणि भोकाच्या कडेला जोडीजोडीने उमटलेल्या बारीक खाचा. नारळ पाडायला आलेल्या पाडेल्याने कोयती कमरेला अडकवता अडकवता, नारळ हातातही न घेता सांगितले, ‘उंदीर.’

कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, गणाची ओळख पटते ती अशा जोडखाचांवरूनच. उंदीर, घूस, खार, शेकरू आणि अंगभर काटे मिरवणारे साळिंदर यांना एका गोतात बसवणारी खूण म्हणजे वरच्या आणि खालच्या जबड्यांत पुढे असलेली पटाशीच्या दातांची एकेक जोडी. सस्तन प्राण्यांच्या सुमारे ४० टक्के जाती या एकाच गणात मोडतात. सशाच्या वरच्या दातांमागे मात्र आणखी एक चिमुकली जोडी दडलेली असते, म्हणून १९१२ साली त्याचा गण वेगळा मानण्यात आला.

आपल्याही पुढच्या दातांना आपण पटाशीचे दात म्हणतो खरे, पण ते नाव शोभते उंदरालाच. सुताराला पटाशी घासून धार लावावी लागते. उंदराच्या दाताला दंतवल्क, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, फक्त पुढच्या बाजूने असते आणि मागचा भाग मऊ असल्यामुळे लवकर झिजतो, त्यामुळे कुरतडता कुरतडताच धार लागत राहते. हे दात जन्मभर वाढतात, आणि समोरच्या जबड्यातला दात मोडून झीज थांबली, तर उरलेला दात वाकडा वाढत जाऊन जनावराचे खाणेच बंद पाडतो. सुळे नसतातच, त्या मोकळ्या फटीत ओठ आत ओढून घेता येतात, म्हणून कुरतडलेला भुसा तोंडात जात नाही. आमच्या माडाखाली सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, तंतू सांडलेले होते, ते यामुळेच.

या सगळ्यात बिचारी चिचुंद्री उगाच मार खाते. ती कृंतक नव्हेच. तिचे दात टोकदार असतात आणि तिचा डोळा असतो झुरळांवर. पण भिंतीकडेने ती चुकचुकत निघाली की आमची आई ‘उंदीर, उंदीर’ म्हणत केरसुणी उगारते.

उंदीर वर चढू नयेत म्हणून माडाच्या बुंध्याला पत्रा गुंडाळायचे मी ठरवले. पाडेल्याने वर बोट दाखवले. शेजारच्या माडाच्या झावळ्या आमच्या झावळ्यांत गुंतल्या होत्या.