वाळू दे

आक्का एवढंच म्हणाली, "आता काय करतीस, वाळू दे." आणि आत गेली.

दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, म्हणून आईच्या लुगड्याची मी शिवलेली वाकळ, म्हणजे गोधडीही आज पहिल्यांदा पाण्यात घातली. ओली वाकळ एकटीला पिळवत नाही. एक टोक माझ्या हातात, दुसरं आक्काच्या. दोरीवर टाकली तेव्हा दिसलं. लाल किनारीनं चारही बाजूंनी चुण्या धरल्यात आणि तिचा रंग आईच्या लुगड्यावर वीतभर उतरलाय. आकाशी चौकड्यातल्या पांढऱ्या रेघा गुलाबी झाल्यात. पांढरा दोरासुद्धा. तांदळाएवढा एक टाका पांढरा, त्याच्या पुढचा गुलाबी.

2019 च्या पुरात खालच्या खोलीतली ट्रंक गेली. हे एकच लुगडं माळ्यावर होतं म्हणून राहिलं. परवा आईची तिथ आहे. ते आज नको.

एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं. लुगडं तिच्याही आईचं. आई असती तर तिथंच "उसव" म्हणाली असती आणि शेजारी बसून उसवायला लावलं असतं. आक्का का बोलली नाही? मला ओरडण्यात अर्थ नाही असं वाटलं का तिला? चार महिने मी डोळे फोडून शिवत होते, आणि शेवटी काय, वाळू दे.

मी काही निष्काळजीपणा केला नव्हता. पहिल्या वेळी थर नुसते एकावर एक टाकून कडेनं धावदोरा सुरू केला, तर सगळा झोळ सरकत मधे आला आणि वाकळीला पोट सुटलं. तेव्हा सगळं उसवलं. मग फरशीवर अंथरून कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता आणि पिठाचे डबे ठेवले, मधून कडेकडे हातानं सारवत वीतवीत अंतरावर कच्चे टाके घातले आणि मगच कडेपासून आत फेरे धरले. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त घेतला की गुंता होतो आणि कापडातून ओढून ओढून झिजतो, हेही कळलं. टाका ओढून आवळायचा नाही, कापड गोळा होतं. एवढं सगळं शिकले आणि किनार मात्र सांगलीतल्या हरभट रोडवरून आणली तशी, कोरीच लावली.

आई कधी कापड आधी भिजवताना दिसली नाही. त्याचं कारण आत्ता लिहिताना समजतंय. तिच्या वाकळीत नवं काही नसायचंच. लुगडी, धोतरं, परकर, सगळं शंभरदा धुतलेलं. जे आटायचं ते आटून गेलेलं, जो रंग जायचा तो गेलेला. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि जुन्याला शिवलेलं असलं की त्याला आपल्याबरोबर ओढतं. मी तिचं बघून शिकले, आणि तिला जे करावंच लागत नव्हतं तेच माझ्याकडून राहिलं.

हे लिहिता लिहिता उठले. रंग ओला आहे तोवर निघायची आशा, एकदा वाळून बसला की अवघड. साडेनऊला वाकळ दोरीवरून काढली, आधी लाल किनार उसवून बाजूला केली आणि मग टबात कोमट पाणी, साबणाची पावडर घालून बुडवली. पहिलं पाणी गुलाबी झालं. दुसरं त्याहून फिकं. तिसऱ्याला आक्का उठून आली, न सांगता दुसरं टोक धरलं आणि पिळलं. रेघा अजून पूर्ण पांढऱ्या नाहीत. चुण्या मात्र सुटल्या.

दिव्याखाली धरून तिनं गुलाबी जागेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मीही काही विचारलं नाही. दुपारीही तिला बोलवत नसेल, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

मग आत जाऊन तिचा जुना, विटलेला परकर घेऊन आली. मी कात्री पुढं केली. तिनं ती बाजूला सारली, काठाला दातानं चीर दिली आणि टरकन फाडत गेली. पट्टी अगदी धाग्यात, सरळ निघाली. तशा तीन निघाल्या. चौथीला कापड कमी पडतंय, उद्या बघू म्हणाली.