तुम्ही विचारलंत म्हणून: त्या भुयारातून परत का फिरलो

लग्नात भेटा, नाशकात सीबीएस स्टँडवर भेटा, प्रश्न ठरलेला. "ते भुयार शेवटपर्यंत का नाही गेलात? आणि तेवढ्यावरून मंडळ मोडलंत?" एकदाच लिहून टाकतो, म्हणजे दरवेळी चहा गार व्हायला नको.

गुहांचं मंडळ नाशकात काढलंच कशाला, हा टोमणा जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. आपला सगळा मुलूख काळ्या बेसाल्टचा. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून मेघालयात क्रेम लियाट प्राहसारखी तीस किलोमीटरच्या वरची गुहा सापडते. बेसाल्ट तसा विरघळत नाही. इथे लाव्हाच्या दोन थरांमधली मऊ तांबडी माती झिजते, वरचा कातळ राहतो आणि कपार तयार होते. बाकी सगळं माणसांनी खोदलेलं. पांडवलेण्यावरच्या 24 लेण्यांना आमची गरज नव्हती. आम्हाला हवी होती ती नावगाव नसलेली भोकं: किल्ल्यावरच्या टाक्यांमागची, कड्यातली, वटवाघळांची. टेप, होकायंत्र आणि वही घेऊन त्यांचे नकाशे काढायचे, एवढंच काम. ते आम्ही बरी वर्षं केलं. त्याबद्दल कोणी विचारत नाही.

विचारतात ते भुयाराचं. किल्ल्याचं नाव लिहीत नाही. गावात सांगतात, ते थेट त्र्यंबकला निघतं. असं भुयार दर दुसऱ्या किल्ल्याला असतं, त्यामुळे त्यावर आमचा विश्वास नव्हता. पण टाक्याच्या मागच्या भिंतीत खरोखरच एक वाट उतरत होती. आधी वाकून, मग गुडघ्यांवर, मग पोटावर. आत पावसाने वाहून आलेला पालापाचोळा कुजून चिखल झालेला.

खालच्या वाडीतले एक बाबा सोबत होते. उमेदीत त्यांनी विहिरींचा गाळ काढलेला. विहिरीत उतरायच्या आधी हवा पाहायला कंदील सोडायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनीच काठीला मेणबत्ती बांधून दिली आणि स्वतः तोंडाशी बसले. पुढे मंडळातला सगळ्यात धडाडीचा गडी, डोक्याला विजेरी, हातात काठी. मागे मी वही घेऊन. एका उताराला काठी खाली गेली तशी ज्योत आखडली, पिवळट झाली, गेली. मागे सरकून पेटवली, पेटली. पुढे नेली, गेली. मग काडी ओढली तर गुल नुसता फुसफुसला. विजेरी मात्र लख्ख. तिला हवेशी काय देणंघेणं? तो म्हणाला, "वळण दिसतंय. दोन मिनिटं." हे बोलताना त्याला धाप लागली होती, आणि पोटावर सरकण्याखेरीज आम्ही काहीच करत नव्हतो. मी त्याचा घोटा धरला आणि म्हणालो, बाहेर. तो नाही म्हणाला. मी घोटा सोडला नाही. वर आल्यावर दोघांची डोकी ठणकत होती. बाबांनी पाणी दिलं, बोलले काहीच नाहीत.

परतीच्या एसटीत भांडण झालं. त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, मेणबत्ती 16 च्या आसपास विझते, आणि त्या हवेत माणूस लगेच मरत नाही. माझा मुद्दा दुसऱ्या वायूचा होता. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, वारा न खेळणाऱ्या खोलगट जागेत साठतो, कुजणाऱ्या पाल्यातून निघतो, आणि तो किती आहे हे ज्योत सांगत नाही. धाप सांगते. मोजायला आमच्याकडे काही नव्हतं, म्हणून दोघंही आपापल्या जागी बरोबर राहिलो. मंडळ दोन्हीकडे वाटलं गेलं आणि हळूहळू कोणीच बोलावेनासं झालं.

मी भ्यालो होतो का? हो. पुढे तो होता आणि मी नव्हतो, हे खुपत होतं का? तेही थोडं. पण म्हणून घोटा सोडायला हवा होता, हे मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. मंडळाच्या पहिल्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, "शेवट पाहिल्याशिवाय नकाशा पुरा धरू नये." ते लिहिणारा पोरगा आज समोर आला तर मलाच भित्रा म्हणेल. त्याला मी विहिरींचं सांगेन. तो ऐकायचा नाही. कदाचित वळणापलीकडे हातभरावर भिंतच असेल, आणि मग तो म्हणेल, बघ.

त्या नकाशावर वळणाच्या जागी प्रश्नचिन्ह आहे. वाट पुढे जाते पण पाहिलेली नाही, तिथे ते टाकायची रीतच आहे. मूळ कागद माझ्याकडे. परवा त्या धडाडीच्या गड्याने निरोप पाठवला: पोरांची नवी तुकडी जमवलीय, नकाशाची झेरॉक्स दे, तो मंडळाचा आहे. मंडळाचाच आहे, खरंय. मी कळवलं, आधी हवा मोजायचं यंत्र विकत घे, मला दाखव, मग बोलू. त्यावर त्याचं उत्तर नाही.