डोकं थंड, पाय गरम

११ जानेवारी, सेऊल

आज तिसऱ्यांदा हानुईवोनमध्ये जाऊन आले. हानुईवोन म्हणजे इथल्या पारंपरिक वैद्यांचा दवाखाना. थंडी सुरू झाल्यापासून भुवयांत आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे, वर पिवळट, तेलकट खपल्या. डोकं खाजवलं की काळ्या स्वेटरवर कोंड्याचा सडा. सेबोऱ्हिक डर्माटायटिस.

पहिल्या दिवशी वैद्यबाईंनी डोक्याकडे जेमतेम पाहिलं. दोन्ही मनगटांच्या नाड्या, जीभ, मग झोप, पोट, पाळी. शेवटी, पाय गार पडतात का? पडतात, बर्फासारखे. ‘संगयोल-हाहान,’ त्या म्हणाल्या. उष्णता वर, गारठा खाली. आणि उपाय? ‘दुहान-जोग्योल’: डोकं थंड, पाय गरम. मला हसूच फुटलं. आजीचं ‘पोट नरम, पाय गरम, डोकं थंड’ ऐकायला मी एवढ्या लांब आले होते!

काढ्याचं नाव ह्वांगन्योन-हेदोक-तांग. चारच औषधं, चारही कडू. पाकिटं तयार मिळतात, कोमट करून घ्यायची. काडेचिराईत परवडलं. तळलेलं आणि दारू बंद, मैदाही बंद (रामेनचं दुःख वेगळंच), आणि रात्री पाय गरम पाण्यात.

त्वचारोगतज्ज्ञांचं म्हणणं निराळं. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, त्वचेच्या तेलावर जगतं. काहींची त्वचा त्यावर चिडते. म्हणून त्या यीस्टला आवरणारा, २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटं ठेवून धुवायचा. इथे दोन्ही शास्त्रांचे परवाने वेगळे, त्यामुळे हा शाम्पू हानुईवोनमध्ये लिहून मिळत नाही. दोन दवाखाने, दोन फायली. काढ्याचं तिकडे आणि शाम्पूचं इकडे मीच सांगितलं.

खरं सांगायचं तर खाज शाम्पूनेच कमी झाली, पंधरा दिवसांत. काढ्याला श्रेय द्यायला मन धजत नाही. पण पाय शेकून झोपल्यावर झोप लागते, आणि माझं जागरण झालं की चट्टे हमखास भडकतात, हे मी तीन हिवाळे पाहतेय. दोघांपैकी कुणीही ‘कायमचं जाईल’ म्हणालं नाही, म्हणून दोघांवरही विश्वास बसला.

आईचा मघाशी फोन. ‘अगं, डोक्याला तेल नाही म्हणून होतंय ते. चांगलं खोबरेल चोळ.’ त्या यीस्टला तेलच आवडतं, हे तिला कसं सांगू? ‘हो’ म्हटलं. बादलीतलं पाणी गार झालंय, पुन्हा तापवते.