कोरझोकची फणी

लेहच्या बाजारात दीड हजारात ‘अस्सल पश्मीना’ मिळाली म्हणून मी खूश होते. तीच शाल मिरवत कोरझोकला पोचले. तिथल्या आमा-लेंनी (लडाखीत आईसारख्या बाईला आदराने असं म्हणतात) ती दोन बोटांत चोळून पाहिली आणि नुसतं हसून परत दिली.

लडाखमधल्या त्सो मोरिरी सरोवराच्या काठचं हे गाव साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. दहा पावलं टाकली की धाप लागते. जूनअखेर होती, चांगपा या भटक्या पशुपालकांचे तळ पडले होते. याकच्या केसांच्या काळ्या तंबूबाहेर, रेबोबाहेर, एक शेळी पाय बांधून आडवी पाडलेली. आचो-लेंनी, म्हणजे थोरल्या दादांनी, शिंगं धरलेली, आमा-ले वाकड्या दातांच्या फणीने मानेपासून मागे विंचरत होत्या. वरचे राठ केस जागच्या जागी राहायचे, फणीत यायची ती खालची मऊ लव. रंग मातकट, त्यात काड्या आणि लेंड्यांचा चुरा. हीच ती जगप्रसिद्ध पश्म, पश्मीनाची लोकर? मी मूठभर घेतली आणि अर्ध्या मिनिटात तळवा उबदार झाला.

हिवाळ्यात इथे पारा उणे तीसच्याही खाली जातो, म्हणून ही लव उगवते. बारा ते पंधरा मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या पाचव्या हिश्शाएवढी. उन्हाळ्यात ती आपसूक सुटू लागते, म्हणून कातरायची नाही, विंचरायची. एका शेळीची वर्षाची लव जेमतेम पाव किलो. राठ केस आणि घाण काढल्यावर त्यातली निम्मीही उरत नाही. एका शालीला दोन-तीन शेळ्या लागतात. माझ्या दीड हजारांचा हिशोब तिथेच लागला.

“मग सगळ्या शेळ्याच का नाही पाळत? मेंढ्या, याक कशाला?” माझा शहाणा प्रश्न. ड्रायव्हरने तो लडाखीत सांगितला. आचो-ले म्हणाले, याक नसेल तर जाळायला शेण कुठलं आणि तंबू कशाचा? आणि शेळी गवत मुळापर्यंत खाते. शेळ्या वाढवता येतील, गवत कोण वाढवणार? म्हणून कुरण संपायच्या आत तळ हलवायचा. मंगोलियात १९९०नंतर अशाच लवेसाठी शेळ्यांची संख्या बेसुमार वाढली आणि कुरणं उजाड होत गेली, ते मला तेव्हा आठवलं.

पण नुसत्या शिस्तीने भागत नाही. २०१२-१३च्या हिवाळ्यात बर्फाखाली चारा गडप झाला आणि चांगथांगात, म्हणजे चांगपांच्या या पठारी प्रदेशात, हजारो जनावरं मेली. चांगथांगातल्याच खर्नाक भागातली बरीच कुटुंबं कळप विकून लेहजवळ राहायला गेली आहेत. आमचा ड्रायव्हर त्यातलाच.

आमा-लेंनी फणी त्याच्या हातात दिली. दोन फटकारे मारले नाहीत तोच शेळी लाथा झाडून सुटली, आणि तो मोबाईल सावरत तिच्यामागे धावला.