आज आबा झाले जॅक
बाईकचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये खटखट. उद्यमनगरात गॅरेजला न्यायच्या आधी म्हटलं, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) घरीच बघू. मेन स्टँड लावला तरी पुढचं चाक टेकलेलंच. जॅक कुठला आणायचा! मग आबांना मागच्या सीटवर बसवलं, चाक अलगद वर. इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवला (सायलेन्सरच्या नळीखाली नव्हे, ती दबते). फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) खालून धरून पुढं-मागं हलवला, तर हाताला स्पष्ट टक्... टक्. हँडल सावकाश फिरवलं, तर सरळ आलं की खाचेत बसल्यागत अडकतंय. म्हणजे नुसता ढिला नाही, झिजलाय; आवळून भागणार नाही, कोनसेटच बदलायचा.

तेवढ्यात आईनं चहाला हाक मारली आणि आबा न सांगताच उठले की हो! ठोकळा होता म्हणून बरं. आता विचारतात, "माझी मजुरी किती?"