अरियपगवरची गर्दी आणि झ्यूसची ओळ

अथेन्सच्या अॅक्रोपोलिसबद्दल लिहीत बसत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत, तिकीट महाग आणि गर्दी इतकी की पार्थेनॉन मंदिरापेक्षा पुढच्या माणसाचं डोकंच जास्त दिसलं. लिहायचंय ते खालच्या अरियपग टेकडीबद्दल, जी फुकट आहे. खडक पायांनी घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की कोरलेल्या जुन्या पायऱ्यांच्या वाटेला जाऊच नका, बाजूचा लोखंडी जिना बरा. संध्याकाळी वर सनसेटवाल्यांची नुसती जत्रा, कुणीतरी स्पीकरही लावलेला, वैताग नुसता.

आणि खाली जिन्याजवळ खडकावर ब्राँझची पाटी आहे, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ग्रीकमध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाचं भाषण, नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातलं, अध्याय 17. आता तो या टेकडीवर बोलला की त्याच नावाच्या सभेपुढे, यावर विद्वान भांडतात, भांडू देत. समोर स्तोयिक आणि एपिकूरपंथी ग्रीक तत्त्वज्ञ मंडळी, आणि हा गडी ज्यू धर्मग्रंथातल्या मोशेचं किंवा संदेष्ट्यांचं नावच काढत नाही! म्हणतो, तुमच्याच कवींनी म्हटलंय, आपण त्याचेच वंशज. ही ओळ आहे अरातसची, इसपूर्व तिसऱ्या शतकातला कवी, पौलाचं गाव तार्सस ज्या मुलखात, त्याच किलिकियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. कविता ताऱ्यांवर, पण सुरुवातीला ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याचं स्तवन आणि ही ओळ तिथली. म्हणजे झ्यूसची ओळ उचलून सरळ बायबलच्या देवाला लावली आणि ती नव्या करारात कायमची बसली. क्लेआंथिस या स्तोयिकाच्या झ्यूसस्तोत्रातही जवळपास हेच आहे. मला तर हा धीटपणा जाम आवडला, आपल्याकडे कुणी केला असता तर दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या असत्या.

पण खरी गंमत पुढे आहे. भाषण पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेला परत उठण्यावर आलं आणि काही जण हसायला लागले. का हसणार नाहीत? इसपूर्व 458 मध्ये ग्रीक नाटककार एस्किलसने याच अरियपगच्या न्यायालयाच्या स्थापनेवर नाटक केलं होतं, त्यात आईला मारणाऱ्या ऑरेस्टिसच्या खटल्यात अपोलो देव ठणकावून सांगतो की माणूस मेला आणि मातीने त्याचं रक्त प्यायलं की परत उठणं नाही. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकला हे नाटक माहीत होतं की नाही, मी कोण सांगणार, पण त्या खडकावर हे आठवलं आणि अंगावर काटा आला, तेवढ्यात सेल्फी स्टिकवाल्याने "एक्सक्यूज मी" म्हणत मला बाजूला केलं.

पौलाचं ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांत दियोनुसिय नावाचा अरियपगकर, म्हणजे त्या सभेचा सभासद होता, आज अॅक्रोपोलिसच्या दक्षिणेला त्याच्या नावाचा रस्ता आहे. तिथली कॉफी खिशाला भारी, पण बसायला झाडं आहेत.

दुसऱ्या दिवशी करिंथ, ऊन आणि भग्नावशेष, बास. पण पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात वाईट संगतीने चांगलं वळण बिघडतं असं जे वाक्य आहे ना, ते ग्रीक नाटककार मेनँडरच्या नाटकातलं मानतात, आणि तेही थाईस नावाच्या गणिकेवरच्या! चर्चमध्ये हे वाक्य कितीदा ऐकलंय, हे मात्र कुणी कधी सांगितलं नाही.